श्वासाच्या वाटेवरचा दिवा : डॉ. शेव्हेलियर जॅक्सन

फुप्फुसाच्या एखाद्या कडेला, मुख्य श्वासमार्गापासून दूर, सीटी स्कॅनमध्ये एक बारीकसा डाग दिसतो. तो क्षयाचा आहे, जुन्या आजाराचा वण आहे की कर्करोगाची सुरुवात आहे, हे नुसत्या प्रतिमेवरून ठरत नाही. त्या जागेचा इवलासा तुकडा हाती यावा लागतो. अशा वेळी डॉक्टर रुग्णाला दुर्बीण घालून तपासण्याचा सल्ला देतात. या दुर्बिणीतून, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपमधून, आता अल्ट्रासाउंडची बारीक कांडी पुढे सरकवता येते आणि जिथे डोळा पोहोचत नाही तिथली गाठ ध्वनिलहरींच्या साह्याने शोधता येते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी परततो.

तपासणी आज सवयीची झाली असली, तरी जिवंत माणसाच्या श्वासमार्गात नळी उतरवणे ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरांना अघोरी साहस वाटत होती. त्या साहसाला शिस्त लावून, नियम घालून देऊन, ते शिकवता येईल असे शास्त्र करण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत अमेरिकेतील डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांचे नाव अग्रभागी आहे.

४ नोव्हेंबर १८६५ रोजी पिट्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते आणि कोळसा व लोखंड यांवर पिट्सबर्ग शहर वाढत होते. तीन भावांत शेव्हेलियर थोरला. घरची मिळकत बेताची होती. मुलगा अंगाने किरकोळ, स्वभावाने अबोल, त्यामुळे शाळेतील दांडगट मुलांच्या तावडीत तो नेहमी सापडे. एकदा तर त्या मुलांनी त्याचे डोळे बांधून त्याला कोळशाच्या एका ओसाड खाणीत टाकून दिले. एका खाणकामगाराच्या कुत्र्यामुळे तो बेशुद्धावस्थेत सापडला आणि वाचला. वृद्धपणी, १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात जॅक्सन यांनी या छळाची हकिगत विस्ताराने सांगितली आहे. पुढे आयुष्यभर अंधाऱ्या, अरुंद वाटांत दिवा घेऊन उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत या प्रसंगाला मोठा अर्थ चिकटवण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो फार ताणण्यात हशील नाही. मात्र आपले दुःख सांगता न येणाऱ्या मुलांविषयी त्यांना वाटणारी कणव बालपणीच रुजली असावी, असे म्हणायला जागा आहे.

हाताच्या कामाची त्यांना मनापासून आवड होती. लाकूड, धातू, रंग यांत ते रमत. काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. त्यानंतर काटकसर करून त्यांनी लंडन गाठले, ते डॉ. मॉरेल मॅकेन्झी यांचे काम पाहण्यासाठी. मॅकेन्झी हे त्या काळचे घशाच्या रोगांचे सर्वांत नामांकित तज्ज्ञ. पुढे जर्मनीच्या तिसऱ्या फ्रेडरिक या सम्राटाच्या घशातील कर्करोगाच्या उपचारांवरून त्यांचे नाव युरोपभर गाजले, वादातही सापडले. मॅकेन्झींनी अन्ननलिकेत पाहण्यासाठी एक उपकरण बनवले होते. पण ते समाधानकारक नव्हते. हे काम यापेक्षा चांगले करता येईल, ही खूणगाठ बांधून तरुण जॅक्सन पिट्सबर्गला परतले आणि तिथे त्यांनी घशाच्या रोगांचा व्यवसाय सुरू केला.

१८९० च्या सुमारास त्यांनी अन्ननलिकेत पाहता येईल अशी स्वतःची नळी तयार केली. तिच्या साह्याने एका प्रौढाच्या अन्ननलिकेत अडकलेली दातांची कवळी आणि एका मुलाने गिळलेले नाणे त्यांनी बाहेर काढले. तरुण डॉक्टरचे नाव होण्यास एवढे पुरेसे होते. नळीची कीर्ती पसरली, ती इतर डॉक्टरांच्या हाती गेली आणि तिथे घात झाला. अन्ननलिकेची भिंत पातळ असते. नळी जोराने रेटली तर ती फाटते, जंतू थेट छातीच्या पोकळीत शिरतात. प्रतिजैविके अर्धशतक दूर होती. ज्यांनी ही नळी पुरेशा सरावाविना वापरली त्यांच्या हातून अपघात झाले, रुग्ण दगावले.

जॅक्सन यांच्या चरित्रातला निर्णायक क्षण इथे येतो, असे म्हणावे लागेल. आपल्या हातून सर्व सुरळीत झाले, दुसऱ्यांच्या चुकांना आपण कसे जबाबदार, असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. उपकरणाचा प्रसार त्यांनी थांबवला आणि ते सुरक्षितपणे कसे वापरावे याची पद्धत पक्की होईपर्यंत पुढे न जाण्याचे ठरवले. नंतरची कित्येक वर्षे सरावात, नोंदी ठेवण्यात आणि उपकरणे घासूनपुसून सुधारण्यात गेली. शोध लावणारे पुष्कळ असतात. लावलेला शोध काही काळ मागे घेणारे वैद्यकाच्या इतिहासात फार थोडे आढळतात.

दरम्यान जर्मनीत एक घटना घडली. १८९७ मध्ये फ्रायबुर्ग येथे गुस्टाफ किलियान यांनी एका त्रेसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड तोंडावाटे घातलेल्या नळीतून काढले. घशाला शस्त्र न लावता फुप्फुसाच्या दारापर्यंत जाता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ब्रॉन्कोस्कोपीचे जनकत्व जॅक्सन यांनी नेहमी किलियान यांच्याकडेच दिले. किलियान यांच्या पद्धतीत प्रकाश बाहेरून, डॉक्टरच्या बाजूने नळीत पाडला जाई. लांब आणि अरुंद नळीत तो टोकापर्यंत पुरत नसे; डॉक्टरचे डोके किंवा हत्यार आड आले की अंधार. जॅक्सन यांनी तांदळाच्या दाण्यासारखा इवला विजेचा दिवा एका बारीक कांडीवर बसवून थेट नळीच्या आतल्या टोकाशी नेला. अन्ननलिकेच्या उपकरणात अशी कल्पना मॅक्स आइनहॉर्न यांनी आधी वापरली होती. श्वासमार्गासाठी तिला भरवशाचे रूप जॅक्सन यांनी १९०४ च्या सुमारास दिले. १९०७ साली त्यांनी या विषयावरचा पहिला सविस्तर पाठ्यग्रंथ लिहिला. त्यातील चित्रेही त्यांच्याच हातची.

या नळ्या म्हणजे साध्या धातूच्या, न वाकणाऱ्या. तान्ह्या मुलांसाठी चार मिलिमीटर जाडीची आणि तीस सेंटिमीटर लांबीची, प्रौढांसाठी सात ते नऊ मिलिमीटर जाडीची आणि चाळीस सेंटिमीटर लांबीची. त्यातूनच बघायचे आणि त्यातूनच लांब चिमटा घालून काम करायचे. एका वेळी जेमतेम एकच डोळा लावता येतो, त्यामुळे खोलीचा अंदाज येत नाही. समोर दिसणारी वस्तू प्रत्येक श्वासागणिक हलते. सभोवतालची सूजलेली त्वचा तिला झाकून टाकते. चिमटा थोडा जास्त दाबला तर शेंगदाण्याचा चुरा होऊन फुप्फुसात पसरतो. थोडा कमी दाबला तर वस्तू निसटून आणखी खोल जाते.

शेंगदाण्याशी जॅक्सन यांचे जणू वैरच होते. त्यातील तेलामुळे लहान मुलाच्या श्वासनलिकेला तीव्र दाह होतो, हे त्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आणि त्या विकाराला स्वतंत्र नावही दिले. दाढा न आलेल्या मुलांच्या हाती शेंगदाणे देऊ नयेत, हा त्यांचा आग्रह आपल्याकडेही तितकाच लागू आहे. शेंगदाणा, सीताफळाची बी, चिंचोका, सुपारी श्वासमार्गात अडकलेली मुले भारतातल्या रुग्णालयांत आजही येतात. त्याहून अवघड दुखणे उघड्या सेफ्टी पिनचे. तिचे टोक वरच्या दिशेने असेल तर ती नुसती ओढणे म्हणजे नलिका फाडणे. अशी पिन आतल्या आत मिटवून किंवा फिरवून काढण्याची हत्यारे आणि युक्त्या जॅक्सन यांनी बसवल्या. कठीण प्रसंगी ते आधी त्याच प्रकारची पिन घेऊन नमुन्यावर सराव करीत, मगच मुलाला हात लावीत. लहान मुलांना ते बहुधा भूल देत नसत. चादरीत घट्ट गुंडाळून, डोके एका सहायकाने धरून, काही मिनिटांत काम उरकले जाई. आजच्या वाचकाला हे निष्ठुर वाटेल. पण त्या वेळची भूल गुदमरलेल्या मुलासाठी नळीपेक्षा अधिक धोक्याची होती, हे ध्यानात घ्यायला हवे.

कित्येकदा वस्तू नळीतून दिसतच नसे. टाचणीसारखी बारीक चीज घरंगळत फुप्फुसाच्या अशा फांदीत जाई की तिथपर्यंत चार मिलिमीटरची नळीही शिरू शकत नसे. अशा रुग्णांसाठी जॅक्सन यांनी क्ष-किरणतज्ज्ञांच्या मदतीने दुसरा डोळा शोधला. एक क्ष-किरण यंत्र रुग्णाच्या वरून आणि एक बाजूने, अशा दोन दिशांनी पडद्यावर छाया पाहत, चिमट्याचे टोक त्या अदृश्य वस्तूकडे न्यायचे. एकाच दिशेच्या छायेवर विसंबले तर चिमटा वस्तूच्या पुढे आहे की मागे, हे कळत नाही. दोन दिशांनी पाहिले की जागा नेमकी ठरते. दिव्याचा उजेड जिथे संपतो तिथून पुढे दुसऱ्या कशाचे तरी बोट धरून जायचे, ही या कामाची दिशा तेव्हाच ठरून गेली.

या कामाने त्यांना जगभर नाव मिळाले. १९३६ मध्ये फुप्फुसात खिळा अडकलेल्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे कुटुंबीय थेट ऑस्ट्रेलियातून त्यांच्याकडे आले आणि जॅक्सन यांनी खिळा काढला. काढलेली प्रत्येक वस्तू ते जपून ठेवत. केव्हा, कोणाच्या, कोणत्या भागातून, किती वेळात काढली, याची नोंद करत. नाणी, बटणे, हाडे, बिया, खिळे, कवळ्या, बिल्ले, खेळण्यातली इवलीशी दुर्बीणसुद्धा त्यांत आहे. वस्तू परत मागणाऱ्यांना ते ठाम नकार देत. त्यांच्या लेखी ती मालमत्ता नव्हती, पुरावा होता. १९२४ मध्ये हा संग्रह फिलाडेल्फियातील म्युटर संग्रहालयाकडे गेला. आज त्यातील वस्तूंची संख्या २,३७४ आहे.

परंतु जॅक्सन यांना सर्वाधिक अस्वस्थ केले ते अशा रुग्णांनी, ज्यांच्या शरीरात काढण्यासारखी वस्तूच नव्हती. त्या काळी अमेरिकेतल्या घराघरांत धुणीभांडी आणि मोऱ्या साफ करण्यासाठी, साबण बनवण्यासाठी कॉस्टिक सोडा असे. त्याच्या डब्यावर धोक्याची कसलीच सूचना नसे. पांढरी भुकटी साखरेसारखी दिसे, मूल ती तोंडात टाकी आणि त्याची अन्ननलिका जळून जाई. जखम भरताना नलिका आक्रसत जाऊन सुईच्या छिद्राएवढी उरे. मग अन्न जात नसे, पुढे पाणीही जात नसे. जॅक्सन यांनी आत्मचरित्रात सात वर्षांच्या अशा एका मुलीची हकिगत दिली आहे. गरीब घरची, अनेक दिवस पाण्याचा घोटही न उतरलेली. त्यांनी नळी घालून आत अडकलेला करडा गोळा काढला. परिचारिकेने पाण्याचा पेला पुढे केला. मुलीने भीत भीत एक घोट घेतला, तो परत येणार या सवयीने थांबली, आणि तो खाली उतरल्यावर दुसरा घेतला. मग तिने पेला हलकेच बाजूला सारून डॉक्टरांचा हात धरला आणि त्याचे चुंबन घेतले.

अशा मुलांची अन्ननलिका रुंद करणे हे महिनोन्‌महिने चालणारे, वेदनेचे काम होते. एकेक मूल बरे करत बसण्यापेक्षा डबाच बदलला पाहिजे, हे जॅक्सन यांनी ओळखले. डब्यावर विष असल्याचा ठळक शब्द आणि उतारा छापणे सक्तीचे करावे, यासाठी त्यांनी लढा आरंभला. तो पंचवीसेक वर्षे चालला. एरवी गर्दीपासून दूर राहणारा हा माणूस सभांत चित्रे घेऊन उभा राहिला, आमदारांच्या दारी गेला, अमेरिकन मेडिकल असोसिएशनला त्याने या कामाला जुंपले. उत्पादकांना विक्री घटण्याची भीती होती. आधी एकेका राज्याने कायदे केले आणि अखेर मार्च १९२७ मध्ये अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या सहीने संघीय कायदा झाला. घरात वापरायच्या दाहक पदार्थांच्या वेष्टनावर इशारा छापणे त्यामुळे देशभर बंधनकारक झाले. त्यांच्या सर्व शस्त्रक्रियांनी जितकी मुले वाचवली त्यांहून अधिक या कागदाच्या पट्टीने वाचवली असतील.

स्वतः जॅक्सन यांची प्रकृती कधीच ठणठणीत नव्हती. १९११ मध्ये त्यांना क्षयरोगाने गाठले आणि तो पुढेही उलटला. रुग्णांचा श्वास तोंडाजवळ घेत काम करणाऱ्या डॉक्टरला क्षय व्हावा, हे त्या काळी अपवादात्मक नव्हते. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी अंथरुणावर पडून लेखन केले. १९१६ साली ते जेफरसन कॉलेजात प्राध्यापक म्हणून फिलाडेल्फियाला आले. पुढे त्या शहरातील पाच वैद्यकीय संस्थांत त्यांनी अध्यापन केले आणि स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यक्षपदही भूषवले. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चित्रे काढण्याची कला त्यांना साधली होती. व्याख्यान चालू असताना रंगीत खडूंनी ते फळ्यावर श्वासमार्ग उभा करीत. विद्यार्थ्यांना आधी रबराच्या बाहुलीवर, मग प्राण्यांवर सराव करावा लागे. माणसापर्यंत पोहोचायला वेळ लागे. १८९० च्या अपघातांचा तो धडा होता.

शिस्तीचा हा अतिरेक सर्वांना रुचत नसे. ते अलिप्त, मोजकेच बोलणारे होते. कामातली ढिलाई त्यांना खपत नसे आणि आपल्या पद्धतीबाहेरचे काही मान्य करणे त्यांना जड जाई. पण त्यांच्या हट्टाने वैद्यकाचा फायदाही झाला. श्वास कोंडलेल्या रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया पूर्वी घाईघाईने, फार वरच्या भागात केली जाई. रुग्ण त्या वेळी वाचे, परंतु त्याचा स्वरयंत्राचा मार्ग कायमचा आक्रसे. छिद्र कुठे आणि कसे घ्यावे, हे जॅक्सन यांनी १९०९ पासून ठामपणे मांडले. आजची पद्धत त्या पायावर उभी आहे.

नळी केवळ अडकलेल्या वस्तू काढण्यासाठी नाही, रोग ओळखण्यासाठीही आहे, हे त्यांना लवकर उमगले होते. छातीतली प्रत्येक घरघर दम्याची नसते, ही त्यांची शिकवण डॉक्टर आजही विद्यार्थ्यांना सांगतात. एका बाजूची घरघर अडकलेल्या बीची असेल, आत वाढणाऱ्या गाठीचीही असेल. श्वासनलिकेतली गाठ तोंडावाटे काढल्याचा वृत्तांत त्यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. तथापि ताठ नळीला मर्यादा होती. श्वासमार्ग झाडासारखा फुटत जातो. बुंधा आणि जाड फांद्या नळीतून दिसत, डहाळ्या दिसत नसत. फुप्फुसाच्या कडेचा डाग हा डहाळीच्या टोकाचा.

ती अडचण टप्प्याटप्प्याने दूर झाली. जपानमधील डॉ. शिगेतो इकेदा यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण तयार करून १९६६ मध्ये ती जगापुढे आणली. तिच्यामुळे आणखी काही फाट्यांपर्यंत डोळा पोहोचला. त्यापलीकडे क्ष-किरणांच्या छायेवर विसंबावे लागे आणि लहान गाठ त्या छायेत उमटतच नसे. १९९० च्या दशकात दुर्बिणीतून जाणारी, दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीची अल्ट्रासाउंडची कांडी आली. तिचे टोक गोल फिरत सभोवतालची प्रतिमा देते. हवेने भरलेल्या निरोगी फुप्फुसातून ध्वनिलहरी विखुरतात आणि पडद्यावर बर्फ भुरभुरल्यासारखे दिसते. कांडी गाठीत शिरली की ती भुरभुर थांबते, काळसर आणि स्पष्ट काठाची आकृती दिसू लागते. आकृती कांडीच्या चहूबाजूंनी असेल तर आपण गाठीच्या मधोमध आहोत. एकाच बाजूला असेल तर गाठ शेजारी आहे, तुकडा हुकण्याचा संभव अधिक. जपानचे डॉ. नोरियाकी कुरिमोतो यांनी कांडीभोवती बारीक नळीचे वेष्टन घातले. जागा सापडली की कांडी काढून घ्यायची, वेष्टन तिथेच ठेवायचे आणि त्यातून चिमटा घालून नमुना घ्यायचा. वाट हरवत नाही. अल्ट्रासाउंड बसवलेल्या दुसऱ्या प्रकारच्या दुर्बिणीने श्वासनलिकेलगतच्या लसिकाग्रंथींतून सुईने नमुना घेतात. आपल्या देशात कर्करोगाइतकाच तिचा उपयोग क्षयरोगाचे निदान करण्यासाठी होतो.

यांपैकी काहीच जॅक्सन यांनी पाहिले नाही. १९१८ पासून पेनसिल्व्हेनियातील श्वेंक्सव्हिल या गावाजवळ ओढ्याकाठच्या एका जुन्या गिरणीत त्यांचे घर होते. तिथे ते चित्रे रंगवत, सुतारकाम करत, होडी वल्हवत. मुलगा शेव्हेलियर लॉरेन्स याच क्षेत्रातला नामवंत डॉक्टर झाला. बापलेकांनी एकत्र ग्रंथही लिहिले. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, शेव्हेलियर जॅक्सन यांचे निधन झाले. म्युटर संग्रहालयात त्यांनी काढलेल्या वस्तू आजही पाहता येतात. प्रकारानुसार त्यांची विभागणी केली आहे. पिनांमध्ये पिना, हाडांमध्ये हाडे, आणि शेंगदाण्यांसाठी वेगळी जागा.